अजगर पाळणारं स्थळ

माझी मुलगी शनिवारी जालन्याहून अंबडला आली की दारातच चपला काढायची, पर्स पलंगावर टाकायची आणि चहा मागायची. बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागल्यापासून हा क्रम ठरलेला. एका पावसाळ्यात तो मोडला. यायची आणि तडक मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची, आम्ही दवाखान्यात धुतो तसे, बोटांच्या बेचक्यांतून साबण फिरवून. हौसेनं वाढवलेली नखं तिनं कापून टाकली. अत्तराची बाटली, जी ती कुणाला हातही लावू देत नव्हती, ती मला देऊन टाकली. वर एका रविवारी पोळ्या लाटता लाटता विचारलं, "मम्मी, बिनविषारी साप चावला तरी धनुर्वाताचं इंजेक्शन देतेत का?"

मी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. सापाचे पेशंट मला नवे नाहीत. कापूस वेचताना, उसाला पाणी देताना, गोठ्यात शेण काढताना माणसांना साप चावतो आणि ती रिक्षात आडवी होऊन येतात. काचेच्या नळीत त्यांचं रक्त घ्यायचं आणि ते गोठतंय का बघत उभं राहायचं, हे काम मी इतकी वर्षं केलंय की नळी हातात आली की माझा श्वास आपोआप हळू होतो. पण बियाणं तपासणाऱ्या माझ्या मुलीला सापाशी काय घेणं?

"देतेत," मी म्हणाले. "कामून?"

"असंच. ऑफिसात एकजण विचारत होता."

माझी सुई त्या 'एकजण'वर अडकली. ह्यांना सांगितलं तर हे हसले. हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, स्वभावानं भोळे. म्हणाले, "तुला दवाखान्यानं बिघडवलंय. सगळं जग काहीतरी लपवून राह्यलंय असं वाटतं तुला."

"लपवतंच जग," मी म्हणाले. फवारणीचं औषध पिलेला माणूस चुकून पोटात गेलं म्हणतो. मार खाल्लेली बाई पायरीवरून पडले म्हणते. सिस्टरचं अर्धं काम सुई टोचायचं असतं, अर्धं खोटं ओळखायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीनं स्वतःच सांगितलं. तिच्याच प्रयोगशाळेत काम करणारा मुलगा आहे, कुंभार पिंपळगावचा. घरची शेती, गावात पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन. आम्ही बौद्ध. म्हणजे काय काय आलं हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती आणि आम्हालाही. मग ती म्हणाली, "आणखी एक आहे. त्याच्याकडे अजगर आहे. छोटा. पाळलेला."

ह्यांनी अजगराचं विचारलं. मी आईचं विचारलं.

"त्याची आई तयार आहे," मुलगी म्हणाली.

"आई म्हणते, की तो म्हणतो आई म्हणते?"

"मम्मी, तू म्हंजे ना." एवढंच बोलून ती उठून गेली. हे उत्तर नव्हतं.

आम्ही त्याचं घर बघायला गेलो. खरं तर मुलाकडच्यांनी आधी यायचं असतं. पण मुलगी म्हणाली, त्याच्या आईची तब्येत बरी नाही, तुम्हीच या. मी ते मनात लिहून ठेवलं. कुंडलिकेच्या पुलापलीकडे एका बैठ्या घराच्या मागच्या भागात तो भाड्यानं राहत होता. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुलगा उंच, शांत, जरा वाकून बोलणारा. ह्यांना त्यानं 'जय भीम' घातला, मला वाकून नमस्कार केला. चहा स्वतः करून आणला. मी कप बघितले. चारही एकसारखे, एकाच सेटमधले. पण हे त्याच्या एकट्याचं घर होतं, गावाकडच्या घरातले कप मला दिसत नव्हते.

स्वयंपाकघरात दोन फ्रीज होते. एक नेहमीचा, एक कोपऱ्यात, गुडघ्याएवढा. एकट्या माणसाला दोन फ्रीज कशाला, हे मी तोंडानं विचारलं नाही, हातानं उघडलं. आत पिशव्यांमध्ये गोठवलेले पांढरे उंदीर होते, निजलेल्या बाळांसारखे अंग मुडपून. मी दार लावलं आणि हात धुतले. मुलगा मागं येऊन उभा होता. म्हणाला, "काकू, आधी सांगायला पाहिजे होतं. जिवंत उंदीर त्याच्यापुढं टाकत न्हाई मी. उंदराला त्रास, आणि उंदीर यालाच चावतो."

आतल्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा होता. भिंतीलगत कपाटाएवढी आडवी पेटी, समोरून काच. आत कागदाचा चुरा, पाण्याचं जड भांडं, उलटा घातलेला मातीचा कुंडा आणि त्याला पाडलेलं भोक. त्या भोकातून एक तोंड बाहेर बघत होतं.

"हा आपल्याकडचा न्हाई," तो सांगू लागला. "आपल्याकडचा कोणताही साप घरात ठेवणं गुन्हा आहे. हा आफ्रिकेतला. पुण्यातला मित्र परदेशी गेला, त्यानं माझ्याकडं दिला. सरकारकडं रीतसर नोंद केलीये."

"नाव काय ठेवलं?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई ठेवलं. हाक मारली तरी ऐकायला त्याला आपल्यासारखे कान न्हाईत."

त्यानं एका वाकड्या गजानं सापाच्या अंगाला मधोमध हलकं शिवलं, जरा थांबला, मग दोन्ही हात खालून घालून त्याला उचललं. काळा-तपकिरी, मनगटाएवढा जाड, लांबीला दोन हात आणि वर थोडा. तो त्याच्या बोटांमधून सरकत राहिला. मुलानं त्याला कुठंही आवळलं नव्हतं. नुसते हात पुढं पुढं करत होता, वाहत्या पाण्याखाली धरल्यासारखे. मग माझी मुलगी पुढं झाली आणि सहज हात पसरून तिनं तो घेतला. तेव्हा मला मोरीतला साबण, नखं, अत्तर सगळं एकदम कळलं. ती हे महिनोन्‌महिने करत होती.

"हा चावत न्हाई," मुलगा म्हणाला. "आजवर एकदाबी न्हाई चावला. बिलकुल गरीब आहे."

हे बोलताना त्यानं बाही वर सारली. कोपराच्या खाली, आतल्या अंगाला, टाचणीच्या टोकांसारख्या बारीक टिपक्यांची कमान होती. वाळत आलेली, पण जुनी नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"हे? बोरीचा काटा लागला. गावाकडं गेल्तो."

बोरीचा काटा ओरखडतो, रेघ सोडतो. तो कमानीत बसत नाही. चाव्याच्या खुणांवरून साप ओळखू नये हे आम्हाला शिकवलेलं असतं, खुणा फसवतात. पण हा चावाच आहे आणि काटा नाही, एवढं सांगायला मला शिक्षणाची गरज नव्हती. ह्यांनी तोवर एका बोटानं सापाला हात लावून बघितला होता आणि ते लहान पोरासारखे खुश होते.

येताना बसमध्ये हे म्हणाले, "मुलगा चांगला आहे."

"खोटं बोलतो," मी म्हणाले, आणि त्यांना टिपक्यांचं सांगितलं.

ह्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. मग म्हणाले, "चावल्याचं लपवलं म्हणून काय झालं? आपण घाबरू म्हणून लपवलं असंल."

"म्हणूनच. आपण घाबरू असं आणखी काय काय असंल त्याच्याकडं?"

पुढच्या रविवारी मी कुणालाच न सांगता गेले. मुलीची खोली शहरात दुसऱ्या टोकाला होती. मी सरळ त्याच्या दारात उभी राहिले. तो बनियनवर होता, घाईनं शर्ट घालून आला. चहाचं विचारलं. मी नको म्हणाले आणि बसले.

"तो चावला ना तुम्हाला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं. बाही खाली होती तरी हात मागं घेतला. म्हणाला, "हो."

"कधी?"

"तुम्ही यायच्या आधल्या आठवड्यात. उंदराची पिशवी सोडली, तोच हात पेटीत घातला. चूक माझी होती. त्याला वास आला, त्यानं खाणं समजून धरलं."

"याच्या आधी?"

"आणला तेव्हा एकदा. नवीन जागा होती, भ्याला होता."

"मंग आजवर एकदाबी न्हाई चावला असं कामून सांगितलं?"

"चावतो म्हटलं असतं तर तुम्ही मुलीला इथं येऊ दिलं असतं का?"

त्याचं खरं होतं. दिलं नसतं. पण मी तसं म्हणाले नाही. मी विचारलं, "आता तुमच्या आईचं सांगा. बराबर सांगा."

तो स्टुलावर बसला. आपल्याला हे विचारलं जाणार हे त्याला माहीत असावं, कारण तो दचकला नाही. म्हणाला, "आई माझ्याशी बोलत न्हाई. पोळ्यापासून. फोन केला तर बाबा उचलतात. आई शेजारीच बसलेली असते. तिच्या बांगड्या ऐकू येतात मला."

"आणि तब्येत?"

"तब्येत चांगली आहे."

मला राग आला, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटलं. दवाखान्यात पेशंट शेवटी खरं काय ते सांगतो तेव्हा वाटतं तसं. आता निदान काय झालंय ते कळलं होतं. रागातही मी त्याला 'तुम्ही'च म्हणत राहिले. विचारलं, "माझ्या मुलीला हे माहीत आहे?"

"चावल्याचं आहे. आईचं न्हाई."

"तिला आत्ता बोलवा. मी इथंच बसते."

मुलगी आली. मला बघून तिचा चेहरा उतरला. त्यानं तिला माझ्यासमोर सगळं सांगितलं, एकही शब्द गोड न करता. ती ऐकत होती. मग आत गेली, सापाचं पाण्याचं भांडं काढलं, धुतलं, भरलं, परत ठेवलं आणि बाहेर येऊन त्याला म्हणाली, "मला वाटलंच होतं. माझ्यासमोर आईला फोन लावलास तर कधी स्पीकरवर टाकत न्हाईस तू." आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी पण मम्मीचीच आहे."

त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. पण त्याला सोडलंही नाही. पंधरवड्यानं मी तिला म्हणाले, तुला त्या घरात राहायचं असेल तर त्या घरात काय आहे ते मी आधी हाताळून बघणार. ती म्हणाली, "साप?" मी म्हणाले, "सुरुवात सापापासून."

अशा रीतीनं मी वयाच्या पन्नाशीला साप धरायला शिकले. रविवारी दवाखान्यातून सुट्टी मिळाली की सकाळची बस. मुलगा शिकवायला उभा राहायचा. पहिल्याच दिवशी त्यानं सुरुवात केली, "काकू, भ्यायचं कारण न्हाई."

मी त्याला थांबवलं. "ते राहू द्या. आधी चावतो कसा ते सांगा."

त्यानं सांगितलं. दोनच कारणांनी चावतो. भुकेनं किंवा भीतीनं. भ्याला तर झटका देऊन सोडतो. भुकेनं धरलं तर सोडत नाही, वेटोळं घालतो. दात आतल्या बाजूला वळलेले असतात. आपण हात ओढला की त्याचं काही जात नाही, आपली कातडी फाटते. म्हणून ओढायचं नाही. थांबायचं, तोंडावर गार पाणी ओतायचं. तो सोडतो. रक्त बरंच येतं, बघून वाटतं तेवढं नसतं. साबणानं धुवायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन.

"दुखतं?"

"मांजरीनं ओरबाडल्यावर जास्त दुखतं."

हे ऐकल्यावर माझे हात मोकळे झाले. चावत नाही, चावत नाही असं तो सांगत होता तेव्हा मी त्या तोंडावरून नजर हटवू शकत नव्हते. चावला तर काय होईल हे कळल्यावर मी बाकीचा साप बघायला लागले. वरून झडप घातल्यासारखा हात न्यायचा नाही, वरून घार येते. बाजूनं, खालून. आधी गजानं शिवायचं, म्हणजे पेटी उघडली ती जेवायला नाही हे त्याला कळतं. एक हात पुढच्या भागाखाली, एक मागं, मधलं अंग लोंबू द्यायचं नाही. आधार सुटला की तो घाबरतो. डोळे धुरकट निळे झाले की कात टाकायची वेळ आली, तेव्हा हात लावायचा नाही. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस लावायचा नाही. आणि त्यानं मान नागमोडी वळवून मागं खेचली, तर तो झडपेच्या बेतात आहे, आपण होतो तिथंच थांबायचं.

पहिल्यांदा उचलला तेव्हा तो गार आणि कोरडा लागला. मला ओलसर वाटलं होतं. सगळं अंग एकाच स्नायूचं असावं तसा तो माझ्या मनगटावरून सरकला आणि थांबला. जीभ आत-बाहेर करत माझी चौकशी करत होता. आम्ही दोघंही एकमेकांवर विश्वास न ठेवता शांत बसलो. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आईला जालन्याला घेऊन या, हे मी मुलाला दर रविवारी म्हणायचे. तो दर रविवारी "बघतो" म्हणायचा. मला वाटायचं, हा पुन्हा काहीतरी झाकतोय.

मग एका रविवारी त्या स्वतःच आल्या.

मुलगा आतल्या खोलीत पेटीतला कागदाचा चुरा बदलत होता. मुलगी भाजी आणायला गेली होती. मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर साप मांडीवर घेऊन बसले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. ते उघडलं आणि डोक्यावर पदर घेतलेली, माझ्याच वयाची, किरकोळ अंगाची बाई दारात आली. खांद्यावर कापडी पिशवी आणि पिशवीतून मान बाहेर काढलेली गावरान कोंबडी.

त्यांनी आधी मला बघितलं, मग माझी मांडी. उंबऱ्यातच थिजल्या.

"तुम्ही कोण?"

"अंबडची," मी म्हणाले.

त्यांना समजलं. त्यांच्या हातातली पिशवी हलली आणि कोंबडीनं पंख झाडले. सापाचं डोकं, जे इतका वेळ माझ्या गुडघ्यावर टेकलेलं होतं, ते उठलं. जीभ भराभर चालायला लागली. मान वळण घेऊन मागं गेली. मला ते दिसलं, त्याचा अर्थही कळला, आणि काही करायला वेळ नव्हता. त्याला कोंबडीचा वास लागला होता आणि सगळ्यात जवळची ऊब माझ्या हाताची होती. त्यानं माझ्या अंगठ्याखालचा मांसल भाग धरला आणि मनगटाला वेटोळं घातलं.

मी ओरडले नाही. धैर्य वगैरे नाही, ओरडायचं सुचलंच नाही. दवाखान्यात बोलते त्या आवाजात मी म्हणाले, "कोंबडी बाहेर ठेवा."

त्या हलल्या नाहीत.

"बाई, कोंबडी बाहेर ठेवा आणि गार पाण्याचा तांब्या आणा. जल्दी."

त्या गेल्या. मला वाटलं आता येत नाहीत. मुलानं नंतर सांगितलं, साप घरात आल्यापासून त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. पण त्या आल्या. कोंबडी बाहेरच्या ओट्यावर बांधून आल्या, स्वयंपाकघरात शिरल्या, तांब्या भरून माझ्यासमोर बसल्या.

"कुठं ओतू?"

"त्याच्या तोंडावर. हळू. माझ्या हातावर पडलं तरी चालंल."

त्या ओततच राहिल्या. तांब्या संपत आला तेव्हा सापानं जबडा सैल केला. तोवर मुलगा आतून आला होता. एकदम "आई" म्हणाला आणि मग सापाला शेपटीकडून सोडवून आत घेऊन गेला. माझ्या हातावरून रक्ताचे ओघळ कोपरापर्यंत आले होते.

त्यांनी माझं मनगट दोन्ही हातांत घेतलं. वळवून बघितलं. "किती दात हायेत ओ."

"बारीक असतेत. विष न्हाई याला."

"तुम्ही वरडल्या न्हाईत."

"वरडून काय व्हतं? वढलं असतं तर फाटलं असतं."

मोरीत नेऊन त्यांनी माझा हात साबणानं धुतला. मी सांगत गेले तसा धुतला, घाईघाईनं नाही. मग डब्यातली हळद घेऊन आल्या. मी नको म्हणाले.

"तुमच्यात हळद लावत न्हाईत का?"

तो 'तुमच्यात' शब्द आमच्या दोघींच्या मधोमध पडला. त्यांनाही तो ऐकू गेला असावा, कारण त्या हळदीच्या डब्याकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, "आमच्यात म्हंजे दवाखान्यात न्हाई लावत. घरी लावतो की."

त्यांचे ओठ हलले. हसल्या असं मी म्हणणार नाही.

चहा त्यांनी केला. मुलाला कपात दिला. मला आणि स्वतःला स्टीलच्या पेल्यात. मी त्या पेल्याकडं बघत बसले. हा वेगळा काढून ठेवलेला, की त्यांना स्वतःला पेल्यातच प्यायची सवय? त्यांच्या हातातला पेला माझ्यासारखाच होता. पण तो पाहुण्यासमोर दिसायला घेतलेला असू शकतो. मी बरंच डोकं चालवलं आणि तोवर चहा निवून गेला.

"पोरगी चांगली असंल," त्या म्हणाल्या. "पोरगा आमचा येडा हाय, घरात साप ठेवतो. नाग देव हाय, त्याचं असं पेटीत ठेवून खेळणं करतेत व्हय? पर त्येचं राहू द्या. मला हे लगीन पसंत न्हाई. मागून बोलायचं न्हाई म्हणून तोंडावर सांगते. गावात तोंड दाखवायचं हाय मला."

"मला बी दाखवायचंय," मी म्हणाले. "आमच्याकडं बी लोक विचारतेत, तुमच्या पोरीला आपल्यात पोरगा मिळाला न्हाई का."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. आमच्याकडंही कुणी असं विचारत असेल हे त्यांच्या ध्यानात कधी आलं नसावं.

"मंग तुम्ही कामून तयार झाल्या?"

"झाले कुठं? बघून राह्यले अजून."

तेवढ्यात मुलगी भाजीची पिशवी घेऊन आली. माझा हात बघून धावत आली, मग त्यांना बघून जागीच थांबली. वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वादाचा शब्द काढला नाही, पायही मागं घेतला नाही. दुपारच्या बसनं त्या निघाल्या. मुलानं राहा म्हटलं. म्हणाल्या, सापाच्या घरात त्यांना डोळा लागायचा नाही. जाताना ओट्यावर उभ्या राहून मुलाला सांगितलं, "कोंबडी कापून खा." दोन पावलं गेल्या आणि न वळता म्हणाल्या, "तिला बी दे."

त्या सुट्टीच्या रविवारी मी दवाखान्यातच जाऊन इंजेक्शन घेतलं. माझ्या जोडीदारणीनं विचारलं, काय चावलं सिस्टर? मी खरं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. मला वाटतं ती अजूनही दुसरंच काहीतरी समजते.

त्यांचा नकार महिनोन्‌महिने नकारच राहिला. मुलगा दर महिन्याला गावी जाऊन यायचा. पुढं पुढं त्या त्याच्याशी बोलायला लागल्या, पण लग्नावर नाही. एकदा त्यांनी विचारलं म्हणे, अंबडच्या बाईंचा हात भरून आला का. त्यानंतर त्यांच्या यजमानांचा आम्हाला फोन आला, उन्हाळ्यात करून टाकू. काय बदललं ते मी विचारलं, तर ते म्हणाले, तिलाच विचारा. मी विचारलं नाही.

लग्न नोंदणीनं झालं, संध्याकाळी आमच्याकडं बुद्धवंदना आणि जेवण. त्या गावाकडच्या मोजक्या माणसांना घेऊन आल्या, मागच्या रांगेत बसल्या. जेवणाच्या वेळी मी वाढायच्या निमित्तानं त्यांच्या पंगतीतून फिरले. त्यांच्या ताटात काही टाकलेलं नव्हतं, भाजी दुसऱ्यांदा घेतलेली होती. ह्यांनी मला पकडलं. म्हणाले, "झालं का बघून?"

आता मुलगी आणि जावई त्याच घरात राहतात. मी गेले की अजगर काढते, मांडीवर घेते. हातांना भीती उरलेली नाही. साबणानं हात धुतल्याशिवाय आणि घरात कुणी कोंबडी आणलेली नाही याची खात्री केल्याशिवाय मात्र पेटी उघडत नाही. विहीणबाई यायच्या आधी फोन करून विचारतात, पेटीची कडी लावली का. आल्या की स्वतः जाऊन कडी ओढून बघतात. मुक्काम अजून करत नाहीत.

त्या मला आठवड्याला फोन करतात. मुलगा-सुनेचं काय चाललंय ते विचारतात आणि त्यांना जे सांगितलं गेलंय त्याच्याशी ताडून बघतात. मीही तेच करते. कधीकधी आमच्या दोघींच्या माहितीत फरक पडतो, मग आम्ही दोघी त्या फरकावर बराच वेळ बोलतो. माझ्या सख्ख्या बहिणीशी माझं एवढं बोलणं होत नाही. पण त्या मनात अजून काय धरून आहेत हे मला माहीत नाही, आणि माझ्या मनातलं सगळं मीही त्यांना सांगत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज बारीक केलेला.

"विहीणबाई, परवा गेल्ते तिकडं. जावई तुमचा दुसरी पेटी करून राह्यलाय."

"मला म्हणाला, पुस्तकांसाठी हाये."

"मला बी तेच म्हणला." त्यांनी आवाज आणखी बारीक केला. "पर पुस्तकाला हवेची भोकं कामून लागतेत?"

मी म्हणाले, "रविवारी सकाळच्या बसनं निघा. मी अंबडला स्टँडवर उभी राहते."